बाटली क्रमांक ५३-एन आणि लसींचं स्टॉक रजिस्टर

उलव्यातून अटल सेतू धरला की पलीकडे शिवडी, आणि तिथून परळ जवळच. सरकारी लसींच्या साठ्याची नोंद आज मोबाइलवर होते. ती नोंद काय सांगू शकते आणि काय नाही, हे समजायला परळमधल्याच एका बाटलीची गोष्ट उपयोगी पडते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधून बाटल्या लांबलांबच्या प्रांतांत जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात (आज पाकिस्तानात) पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही जणांना लस टोचली होती एकाच बाटलीतून: ५३-एन.

हे कळलं कशामुळे? बाटलीला क्रमांक होता आणि कोणाला कुठल्या बाटलीतून टोचलं, ते सांगता येत होतं म्हणून. बाटली परळला १९ सप्टेंबरला, म्हणजे ४१ दिवस आधी, भरल्याचंही दिसलं. निर्जंतुकीकरणासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल सोडून फक्त उष्णतेवर भर दिला होता. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांचं पद गेलं.

मग चौकशीची कागदपत्रं बाहेर आली. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत ४१ दिवस वाढले असते, तर उघडताक्षणी घाण वास यायला हवा होता. तसा वास आला नव्हता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडली आणि हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे: नोंद बरोबर होती, वाचन चुकलं. परळच्या टोकाला कागद भरपूर होता, म्हणून संशयही तिथेच गेला. पडलेल्या चिमट्यासाठी कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नव्हता.

आता आजचं. २०१४ च्या सुमारास आरोग्य मंत्रालयाने यूएनडीपीच्या मदतीने ‘ई-विन’ सुरू केलं. शीतसाखळी केंद्रावरचा कर्मचारी लसीकरणाचं सत्र झालं की किती कुप्या आल्या, गेल्या, उरल्या, बॅच कुठली, मुदत कधी संपते, हे आधी रजिस्टरमध्ये आणि मग मोबाइल ॲपमध्ये भरतो. फ्रिजमधला सेन्सर तापमान पाठवत राहतो. ते २ ते ८ अंशांबाहेर गेलं की इशारा येतो. साठा कुठे संपत आलाय, कुठे पडून आहे, हे जिल्ह्याला त्याच दिवशी दिसतं. पूर्वी त्यासाठी महिन्याच्या अहवालाची वाट बघावी लागायची. २०२१ चं ‘को-विन’ याच पायावर उभं राहिलं.

पण हे सगळं त्या केंद्राच्या फ्रिजपर्यंत. तिथून कुपी बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या डब्यातून अंगणवाडीत जाते. गोवराच्या लसीची पूड द्रावणात मिसळली की चार तासांनी उरलेली फेकायची असते. ती खरंच फेकली का, सुई कशी हाताळली, हे साठ्याचा आकडा सांगत नाही. त्याचं कामही ते नाही.

संशोधनात तुम्ही असा डेटासेट उघडाल, तेव्हा आकडे कोण भरतं, कधी भरतं, आणि भरायला रकानाच नाही असं काय घडतं, हे आधी विचारा. शक्य असेल तर लसीकरणाच्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रजिस्टर भरताना बघा. नाहीतर ज्याचा कागद चोख, त्याच्यावरच आपण बोट ठेवतो. हाफकिन यांच्या बाबतीत ते निस्तरायला पाच वर्षं गेली.