शेजाऱ्याला मागे टाकलं, पण कशात?

मागच्या भागात युरोपीय संघ कसा उभा राहिला ते पाहिलं. आज त्याच संघात एकेकाळी शेजारी-शेजारी बसलेल्या दोन देशांची तुलना करू: आयर्लंड आणि ब्रिटन.

हे दोघे इतिहासात दोनदा एका संघात होते. पहिल्यांदा १८०१ ते १९२२, तेव्हा कारभार लंडनचा. त्याच काळात, १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात, सुमारे १० लाख आयरिश माणसं मेली आणि साधारण तेवढ्यांनीच देश सोडला. दुसऱ्यांदा १ जानेवारी १९७३ रोजी दोघे एकाच दिवशी युरोपीय आर्थिक समुदायात आले. या वेळी बरोबरीच्या नात्याने.

तेव्हा आयर्लंड समुदायातल्या सर्वांत गरीब सदस्यांपैकी एक होता. पोरं कामासाठी लंडन गाठायची. पुढे युरोपचा निधी आला, शिक्षण वाढलं, कंपन्यांवरचा कर कमी ठेवला गेला आणि अमेरिकन कारखाने आले. १९९० चं दशक संपेपर्यंत दरडोई जीडीपीत आयर्लंडने ब्रिटनला मागे टाकलं. ज्याने राज्य केलं त्याच्या पुढे जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. जुलै २०१६ मध्ये आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं की २०१५ या एका वर्षात जीडीपी २६ टक्क्यांनी वाढला! अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी याला 'लेप्रेकॉन अर्थशास्त्र' म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथेतलं, सोनं लपवणारं बुटकं भूत.

मग झालं काय होतं? काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि तत्सम हक्क आयर्लंडमधल्या खात्यावर आणले. भाड्याने विमानं देणाऱ्या कंपन्यांची मालमत्ताही तिथे नोंदली गेली. वस्तू तयार होणार चीनमध्ये, पण हक्क आयरिश कंपनीचा, म्हणून विक्री आयर्लंडच्या हिशेबात. डब्लिनमधल्या शिक्षिकेचा पगार त्याने २६ टक्क्यांनी वाढला नाही, आणि घरभाडं तर चढतच होतं.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक देश जी वर्गणी भरतो, तिचा मोठा भाग त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नावरून ठरतो. तोही आकडा या नोंदींमुळे फुगला होता. आकडा कागदावरचा, वर्गणी मात्र खऱ्या तिजोरीतून!

शेवटी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला गेला. त्याच्या शिफारशीवरून २०१७ पासून आयर्लंड 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' हा वेगळा आकडा जाहीर करतो. त्यातून या परकीय पेटंटांचा आणि विमानांचा घसारा वगळला जातो. २०२२ मध्ये जीडीपी ५०० अब्ज युरोच्या आसपास होता, तर हा आकडा त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. दरडोई जीडीपी युरोपीय सरासरीच्या दुपटीवर, पण माणशी प्रत्यक्ष उपभोग सरासरीच्याही खाली.

म्हणजे आयर्लंडची प्रगती खोटी का? मुळीच नाही. ज्या देशातून माणसं बाहेर पडत होती, तिथे आज बाहेरून माणसं येतात. फक्त ती प्रगती जीडीपीने मोजता येत नाही, कारण जीडीपी 'कुठे नोंदलं' ते सांगतो, 'कुणाच्या घरात गेलं' ते नाही. सीमा जितक्या मोकळ्या, तितकं हे अंतर मोठं. लक्झेंबर्गमध्ये जवळपास निम्मे कामगार रोज फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून येतात. त्यांचं उत्पादन लक्झेंबर्गचं, पण भागाकार करताना ते लोकसंख्येत नाहीत!

आपल्याकडेही निपाणीत राहणारा माणूस कागलच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो, तेव्हा त्याचं उत्पादन महाराष्ट्राच्या खात्यात आणि त्याचं घर कर्नाटकात. तेव्हा दोन राज्यांचे दरडोई आकडे शेजारी ठेवून कुणी वाद घालू लागला, तर आधी एवढंच विचारा: हे उत्पादन कुणाचं, आणि भागिलं कुणाकुणात?