गाडीचा ब्लोअर बंद पडलाय? मोटर बदलण्याआधी हे तपासा

बेळगावहून चोर्ला किंवा आंबोली घाटाने जाताना ऐन पावसात गाडीचा ब्लोअर बंद पडला, तर प्रश्न नुसत्या थंडीचा राहत नाही. बाहेर धुकं, आत चार माणसांचा श्वास. समोरच्या काचेवर बघता बघता वाफ धरते आणि पुढचं वळण दिसेनासं होतं. हीटर, एसी आणि काचेवर सोडायची हवा, या तिन्हींसाठी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या आत एकच पंखा असतो. तो थांबला की तिन्ही गेलं. मात्र पंखा थांबला म्हणजे मोटर जळालीच असं नाही. पंखा कसा बंद पडला, यावरून दोष कुठे आहे याचा बराच अंदाज येतो.

लक्षण काय सांगतं?

पंख्याचा आवाज येतो, पण हवा कमी येते: केबिन फिल्टर धूळ-पाचोळ्याने तुंबलेला असतो. फिल्टर काढून बघावा, खराब असेल तर बदलावा.

फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो: दोष बहुतेक वेळा रेझिस्टरचा. साध्या नॉबच्या गाड्यांत कमी स्पीडचा करंट रेझिस्टरमधून जातो, शेवटच्या स्पीडचा थेट मोटरला. त्यामुळे मोटर ठीक असते. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हा नियम लागत नाही.

मध्येच चालतो, मध्येच थांबतो: कनेक्टर ढिला किंवा वितळलेला, नाहीतर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले.

कुठल्याच स्पीडला हलत नाही: फ्यूजपासून सुरुवात करावी.

तपासायचं कसं?

१. इग्निशन बंद करून फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघा आणि ब्लोअरचा फ्यूज काढा. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावू नका. वायरिंग जळून आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोटर जाम झाली आहे. तिथे थांबून इलेक्ट्रिशियनला दाखवा.

२. फ्यूज ठीक असेल तर रिले बघा. त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीत असेल, तर अदलाबदल करून पाहता येते.

३. मोटर बहुतेक वेळा डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असते. तिथल्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, तो सहसा एअरबॅगचा असतो. पंखा चालू स्थितीत ठेवून मोटरच्या बाहेरच्या आवरणावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. पंखा फिरू लागला, तर ब्रश संपत आले आहेत. हा तात्पुरता इलाज. मोटर लवकरच बदलावी लागेल.

४. नॉब शेवटच्या स्पीडवर ठेवून मोटरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. दोन पिनांमध्ये १२ व्होल्टच्या आसपास दाब मिळतोय आणि तरी पंखा हलत नाही, म्हणजे मोटर गेली किंवा जाम झाली. दाबच येत नसेल, तर दोष स्विच, वायर किंवा अर्थिंगमध्ये शोधावा.

परत बिघडू नये म्हणून

रेझिस्टर पंख्याच्याच हवेवर थंड होतो. फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, रेझिस्टर तापतो आणि जळतो. म्हणून पावसाळ्याआधी फिल्टर बदलावा आणि वायपरखालच्या जाळीतला पाचोळा काढावा. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघावं. नुसता रेझिस्टर बदलून तो पुन्हा जळत असेल, तर मोटर जास्त करंट ओढतेय का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावं.

घाटातच बंद पडला तर

वेग कमी करा, लो बीम लावा आणि दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या खाली घ्या. नॉब गरमवर, हवेची दिशा समोरच्या काचेकडे आणि रीसर्क्युलेशन बंद ठेवा. गाडी चालू असताना बाहेरची थोडी हवा पंख्याशिवायही आत येते. तरी काच साफ होत नसेल, तर वळण सोडून रस्त्याबाहेर सुरक्षित जागी थांबा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चालत्या गाडीत एका हाताने काच पुसत घाट उतरू नये.