बालगुन्हेगार-सुधारणा, मुंबई इलाखा
मुंबई इलाख्यात अल्पवयीन गुन्हेगारांना तुरुंगापासून दूर ठेवण्यासाठी ब्रिटिश अमदानीत झालेले प्रयत्न. 1850 च्या कायद्याने किरकोळ गुन्हे करणाऱ्या मुलांना कारागिराकडे उमेदवारीस बांधून देण्याची मुभा दिली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत सुधारशाळा उभी राहिली. 1897 च्या सुधारशाळा कायद्यानुसार पंधरा वर्षांखालील मुलाला तेथे तीन ते सात वर्षे ठेवता येई. क्षुल्लक चोरीपायी इतकी वर्षे घरापासून तोडणे म्हणजे लांबलेली कैदच, असेही म्हणता येईल. मुंबई बालक अधिनियमाने 1924 मध्ये निराधार मुलांचाही विचार केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.