रविवार, दुपारी १२.५०

माझा नवरा परसदारी कोसळला ती ही वेळ. नंतर अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरांनी मला विचारलं, "शुक्रवारपासून यांनी काय काय केलं, तासातासाने सांगा." मी म्हणाले, "काही नाही हो, आज सकाळी उन्हात काम करत होते." ते म्हणाले, "आजचं कळलं. शुक्रवारपासूनचं हवंय." मग एका कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर मी लिहायला बसले. लिहून दिलं तेव्हा त्यांनी पेन काढून काही ओळींखाली रेघा मारल्या. मला ज्या ओळी महत्त्वाच्या वाटल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा त्यांनी सोडून दिल्या.

तोच कागद इथे जरा सविस्तर उतरवते आहे. दोन तरुण माणसं सुट्टीत करतात ते सगळं त्यात आहे, पळणं, देवदर्शन, किल्ला, घरचं काम. वावगं असं त्यात काही नाही. म्हणूनच तो लोकांनी वाचावा असं मला फार वाटतं.

शुक्रवार, रात्री ९.५० (३९ तास आधी)

पुण्याहून जळगावची स्लीपर बस. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. दोघांची ऑफिसं एसीची, घर ते ऑफिसही गाडीतच. एप्रिलचा दुसरा शनिवार जोडून आला म्हणून माहेर आणि सासर एका दमात करायचं ठरलं. जळगाव माझं, धुळे त्याचं. त्याने मोबाइलमध्ये यादीच केली होती: मेहरूणला पळणं, पद्मालय, पारोळ्याचा किल्ला, लळिंग, आणि शेवटी 'परसदार साफ'. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी येणार होती. मागच्या निंबाला तिच्यासाठी झोका बांधायचा, तर त्याआधी खालचं रान काढायला हवं. ते काम भावाचं, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलेलं.

बस कुठे थांबेल याचा भरवसा नाही म्हणून पाणी बेतानेच प्यायलो. अजिंठ्याच्या घाटात वळणं लागली आणि उरलीसुरली झोपही गेली.

पाण्याच्या ओळीखाली पहिली रेघ.

शनिवार, सकाळी ७.५० (२९ तास आधी)

घरी बॅगा टेकवल्या आणि याने बूट चढवले. मेहरूण तलावाभोवती दहा किलोमीटर. माझे बाबा दारातून म्हणाले, "जावईबापू, आपल्याकडे ऊन साडेसातलाच वर येतं. उद्या पहाटे पळा." हा हसून म्हणाला, "बाबा, मी काय मुंबईचा आहे का? खान्देशीच आहे मी."

हे वाक्य आम्ही सगळेच म्हणतो. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकल्याची बातमी आली की त्यातही थोडा अभिमान असतो. पण उन्हाची सवय रक्तातून येत नाही. उन्हात राहून शरीर ती एक-दोन आठवड्यांत कमावतं, घाम लवकर येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. आणि सावलीत गेलं की काही आठवड्यांत ती मोडते. पुण्यात राहून आम्हा दोघांची ती कधीच मोडली होती. जन्म धुळ्याचा असला तरी त्या शनिवारी त्याचं अंग पाहुण्याचंच होतं.

तो नऊ वाजता परतला तेव्हा टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या. आईने पोहे-जिलेबी पुढे ठेवली. वर दोन कप चहा.

शनिवार, दुपारी १२.५० (२४ तास आधी)

पद्मालय. एरंडोलहून आत गेलं की टेकडीवरचं तळं आणि काठावर गणपतीचं देऊळ. गाभाऱ्यात दोन मूर्ती, एकीची सोंड डावीकडे, दुसरीची उजवीकडे. गणपतीच्या अडीच पीठांतलं हे अर्धं पीठ मानतात. चपला बाहेर काढल्या तर फरशी इतकी तापलेली, की आम्ही दोघे हात धरून अक्षरशः उड्या मारत देवळात शिरलो. खूप हसलो. त्या दिवसाचा मला आठवणारा सगळ्यात गोड क्षण तोच.

पुढे पारोळ्याचा किल्ला उभ्या उन्हात पाहिला, घाईघाईत.

शनिवार, रात्री ८.५० (१६ तास आधी)

धुळ्याच्या अलीकडे ढाबा. शेवभाजी, तर्री लाल, कळण्याची भाकरी. ताटावरून उठताना त्याच्या पोटरीत गोळा आला. मी दाबून दिलं. "पळल्याने होतं," तो म्हणाला. मलाही ते पटलं.

रविवार, पहाटे ३.०० (१० तास आधी)

धुळ्याला आम्ही गच्चीवर झोपलो होतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खालून ऊब सोडत होता. पुन्हा गोळा, आता दोन्ही पायांत. त्याने बॅगेतली अंगदुखीची गोळी घेतली. धुळीने शिंका येत होत्या, म्हणून सर्दीचीही एक.

या दोन गोळ्यांखाली दुहेरी रेघ आहे. शरीरातलं पाणी आटलेलं असताना अंगदुखीच्या काही गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी घाम कमी होतो. दोन्ही गोळ्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात, दोन्ही आमच्या पर्समध्ये कायम असतात.

रविवार, पहाटे ५.५० (७ तास आधी)

लळिंग. आग्रा रोडला लागूनच डोंगर, वर फारुकींच्या काळातला किल्ला. याच परिसरातल्या लांडोर बंगल्यात १९३७ साली डॉ. आंबेडकर मुक्कामाला होते. उतरल्यावर तिथेही जायचं ठरलं होतं, पण गेलो नाही. चढताना त्याच्या धापेचा आवाज मला नवीन वाटला. एरवी मी मागे असते, त्या दिवशी तो मागे होता. वर तटावर माझ्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला, ७.०५ची वेळ आहे त्यावर. खडकात खोदलेल्या टाक्याच्या तळाशी हिरवट पाणी होतं. तो काठावर बसून म्हणाला, "यात डोकं बुडवावंसं वाटतंय गं." मी म्हणाले, "शी! चल, आई वाट बघत असतील." एक लिटरची बाटली आमची दोघांत होती, ती वरच संपली.

रविवार, सकाळी ९.२० (साडेतीन तास आधी)

घरी आल्यावर तो बाथरूममधून बाहेर आला आणि मला हळूच म्हणाला, "चहासारखी झालीय." मी म्हणाले, पाणी पी. तो एक ग्लास पाणी प्यायला आणि खुरपं शोधायला गेला.

तिसरी रेघ. आणि डॉक्टरांनी बाजूला उभी फुली मारली, ती याच ओळीजवळ.

मी म्हणाले होते, झोप थोडा वेळ. तो म्हणाला, "रात्री बस आहे. आत्ता नाही केलं तर नानांना करावं लागेल." नाना, माझे सासरे, त्र्याहत्तरचे. या उत्तराला माझ्याकडे काही नव्हतं.

रविवार, सकाळी १०.३० (दोन तास वीस मिनिटं आधी)

मोबाइलवर ३९ अंश. दुपारी ४१ दाखवत होता. आमच्याकडे ४१ म्हणजे एप्रिल, त्याला लाट कुणी म्हणत नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने सपाट प्रदेशात ४० ओलांडून सरासरीच्या साडेचार अंश वर गेलं, किंवा थेट ४५ झालं, की उष्णतेची लाट. आमची सरासरीच एवढी चढलेली, की तसा इशारा त्या दिवशी कुठेच नव्हता. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर १४ माणसं गेली, तेव्हा नवी मुंबईचा पारा ३८च्या आसपास होता. तीही रविवारचीच दुपार. आम्ही ती बातमी पाहून हळहळलो होतो आणि म्हणालो होतो, अडतीसमध्ये कसं काय?

आता मला ते कळतं. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ताकदीतला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची सगळी उष्णता होते. हवा कातडीपेक्षा गरम असली की ती बाहेर जायला एकच वाट उरते, घाम वाळण्याची. घामाला पाणी लागतं. आणि ते आमच्याकडे शुक्रवार रात्रीपासून नव्हतं.

त्याने आधी घाणेरीची जुनी झुडपं मुळासकट काढली. मग शिडी लावून निंबाच्या वाळक्या फांद्या तोडल्या. मागच्या भिंतीला पत्रे टेकवलेले, त्यांची झळ अंगावर येत होती. मी खाली फांद्या ओढून ढीग करत होते. दर दहा मिनिटांनी मी सावलीला जायची. तो जात नव्हता.

रविवार, सकाळी ११.४० (सत्तर मिनिटं आधी)

आईंनी पन्हं करून आणलं. त्याने अर्धा पेला घेतला आणि ठेवून दिला, मळमळतंय म्हणाला. आई दारातून म्हणाल्या, "घरमा ये रे भाऊ, ऊन गंज शे." तो त्यांच्यावर खेकसला. आईवर आवाज चढवलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. आई काही न बोलता आत गेल्या. मलाही राग आला, आणि त्या रागात मी वीस मिनिटं त्याच्याशी बोलले नाही.

ही ओळ मी कागदावर लिहिली नव्हती. डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं, "चिडचिड?" तेव्हा मी सांगितलं. मेंदू तापला की माणसाचा आधी स्वभाव बदलतो. आम्ही त्याला स्वभावच समजलो.

रविवार, दुपारी १२.२० (अर्धा तास आधी)

कुऱ्हाड त्याने उलटी धरली होती. बोथट बाजूने तो फांदीवर घाव घालत होता, तीन, चार, पाच. मी म्हणाले, "अरे, उलटी आहे." त्याने कुऱ्हाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा तशीच मारली.

रविवार, दुपारी १२.४० (दहा मिनिटं आधी)

"बस किती वाजता येते गं?" रात्रीची, म्हणाले. तो म्हणाला, "नाही, ऑफिसची." मला वाटलं, चेष्टा करतोय.

रविवार, दुपारी १२.५०

तो निंबाच्या बुंध्याला धरून सावकाश बसला, आणि मग एका कुशीवर गेला. डोळे उघडे होते. हाक मारली तर ओळख नाही. अंगाला हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखा.

पण अंग ओलं होतं. घामाने निथळत होता तो. उष्माघातात घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते, असं मी शाळेपासून ऐकलेलं. म्हणून पहिली तीन-चार मिनिटं मी उष्माघात हा शब्द मनात येऊच दिला नाही. चक्कर आहे, साखर कमी झाली असेल, असंच चाललेलं. कष्टाने येणाऱ्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो, हे मला संध्याकाळी कळलं.

नानांनी पाइप लावला तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतून कढत पाणी आलं. मी तापाची गोळी शोधत होते. ती तिथे काहीच करत नाही, हा ताप गोळीने उतरणारा नसतो. आई त्याच्या तोंडात साखरपाणी घालायला वाकल्या होत्या, तेवढ्यात भिंतीपलीकडचे काका आले. ते निवृत्त कंपाउंडर. त्यांनी आईंचा हात धरला. "वहिनी, शुद्ध नाही त्याला, श्वासात जाईल." मग मला म्हणाले, "हौद उघड."

धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी जमिनीत हौद. त्या भरल्या हौदाचं पाणी गार होतं. काकांनी त्याचा शर्ट फाडला, आम्ही बादलीमागून बादली ओतली. नाना पुठ्ठ्याने वारा घालत होते. शेजारच्या किराणा दुकानातून थंड पेयांच्या पेटीतला बर्फ आला, तो पंच्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत. १०८ची गाडी येईपर्यंत वीस मिनिटं काकांनी आम्हाला थांबू दिलं नाही. रुग्णालयात पोचल्यावर थर्मामीटरने १०५ दाखवलं. एवढं पाणी ओतल्यानंतर. अशा माणसाला पहिल्या अर्ध्या तासात गार केलं तर तो वाचण्याची शक्यता खूप वाढते. आमचा अर्धा तास त्या हौदाने आणि त्या काकांनी भरून काढला.

पुढचे दिवस इथे लिहीत नाही. स्नायू विरघळून रक्तात उतरले होते, मूत्रपिंडं थांबली, सहा वेळा डायलिसिस झालं. एकोणिसाव्या दिवशी तो घरी आला. आखाजी होऊन गेली होती. नणंद आली होती, पण रुग्णालयाच्या बाकावर बसायला.

आता तो बरा आहे. पळत नाही, उन्हात गेला की लवकर थकतो. आणि रविवार त्याला आठवत नाही. शेवभाजीपर्यंत सगळं लख्ख आहे, पद्मालयाची तापलेली फरशीही. त्यानंतर काही नाही. लळिंगला आपण खरंच वर गेलो होतो का, असं तो अधूनमधून विचारतो. मी ७.०५चा फोटो काढून देते. तो बोटांनी मोठा करून पाहतो, आधी स्वतःचा चेहरा, मग मागचा तट, मग कोपऱ्यातलं ते टाकं.

"पाणी होतं का गं त्यात?"

"होतं," मी सांगते.