कुत्र्याचा परदेशप्रवास आणि रेबीजचा इतिहास

आपल्या शिवऱ्यासारख्या गावांतली मुलंही आता नोकरीसाठी विलायतेला जातात. घरचा कुत्रा बरोबर न्यायचा, तर तिकिटाआधी थोडा इतिहास समजून घ्यावा लागतो.

1885 साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या मुलाला लस दिली. पण धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगात रोग दडलेला नाही, याला प्रमाण काय? लक्षणं दिसायला कधीकधी महिने लागतात. म्हणून ब्रिटनने काळालाच प्रमाण मानलं. बाहेरून आलेला कुत्रा कोंडून ठेवायचा. ही मुदत पुढे सहा महिन्यांची ठरली. 1902 पर्यंत तिथला रेबीज संपला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परतला आणि 1922 मध्ये पुन्हा हटवावा लागला.

2000 पासून काही देशांच्या, तर 2012 पासून भारतातल्याही कुत्र्यांना पुराव्यावर प्रवेश मिळू लागला. त्या पुराव्याला क्रम आहे. आधी कातडीखाली चिप, मग लस, किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. चिपआधीची लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली, हे सिद्ध होत नाही.

म्हणजे थांबणं सुटलेलं नाही. ते आता आपल्याच अंगणात होतं, एवढंच. तेवढ्या काळात त्याला प्रवासाच्या पेटीची सवय लावता येते. ‘व्हिसा आला की बघू’ म्हणत बसलात, तर मुलगा जाईल आणि कुत्रा मागे राहील.