मावळ : नदीखोऱ्यांनी आखलेला जुना मुलूख

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांमुळे तळेगाव दाभाडे परिसरात स्थायिक झालेल्या वाचकांच्या कानी आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावे वारंवार पडतात. शासकीय पत्रव्यवहारात मात्र केवळ ‘मावळ तालुका’ आढळतो. या नावांमागील व्यवस्थेची ओळख व्हावी, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

मावळ म्हणजे मावळतीकडचा, सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील प्रदेश. पुण्याच्या पश्चिमेस अशी बारा मावळे सांगितली जातात. मात्र सर्व याद्यांतील नावे एकसारखी नाहीत. साधारणतः एक खोरे म्हणजे एक मावळ. खोऱ्याचा वतनदार देशमुख. हिशेब देशपांडे ठेवी. गावचा कारभार पाटील व कुलकर्णी पाहत. सीमा डोंगराच्या धारेने ठरे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचा पाया याच खोऱ्यांतील मावळ्यांच्या बळावर रचला गेला.

आंदर मावळ हे आंद्रा नदीचे, नाणे मावळ कुंडली नदीचे, तर पवन मावळ पवना नदीचे खोरे होय. तुंग व तिकोना हे किल्ले पवन मावळाचे पहारेकरी. आंद्रा व कुंडली इंद्रायणीस मिळतात. इंद्रायणी पुढे तुळापूर येथे भीमेस, तर पवना दापोडीजवळ मुळेस मिळते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ३० किलोमीटरवरील तळेगावी तो निम्म्याहूनही कमी होतो. म्हणूनच वरच्या खोऱ्यांत भातशेती आहे. सुपरिचित ‘इंद्रायणी’ भात १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून प्रसारित झाला.

तळेगाव हे या खोऱ्यांच्या मुखाशी, मोकळ्या पठारावर वसलेले, सेनापती दाभाडे यांचे गाव. खंडेराव दाभाडे यांस १७१७ साली सेनापतिपद मिळाले. जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेस तळेगावातून माघार घ्यावी लागली व वडगाव येथे तह करावा लागला. १८५८ साली खंडाळा-पुणे लोहमार्ग याच वाटेने सुरू झाला.

पुढे महसुली कारभारात ही तिन्ही मावळे मावळ तालुक्यात सामावली व त्यांचे स्वतंत्र अस्तित्व संपले. खोऱ्यांचे महत्त्व मात्र संपले नाही. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत बंधाऱ्यावर उचलून पिंपरी-चिंचवडला पुरविले जाते. धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेस शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले.

नळाला येणारे पाणी कोणाच्या शिवारातून येते, हे या जुन्या नावांवरून कळते. आपल्या मुलांना तालुक्याच्या नावासोबत आपल्या खोऱ्याचे व नदीचे नावही अवश्य शिकवावे, अशी आम्ही वाचकांस विनंती करतो.