घरी वाळवलेल्या लिंबू-संत्र्याच्या चकत्यांना बुरशी का लागते?

काळ्या चहात तरंगणारी संत्र्याची चकती, सरबताच्या ग्लासाला अडकवलेलं सुकं लिंबू, तोरणात ओवलेल्या केशरी चकत्या... रीलमध्ये हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. फळ कापलं, ताटात पसरलं, उन्हात ठेवलं आणि बरणी भरली. प्रत्यक्षात मात्र पंधरा दिवसांनी बरणी उघडावी तर कुबट वास येतो आणि चकत्यांवर पांढरट-हिरवी लव दिसते.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. चकती वरून वाळलेली असते, पण आत पाणी शिल्लक असतं.

वाळवणं म्हणजे नेमकं काय?

संत्री, मोसंबी, लिंबू या फळांमध्ये साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असतं. हे पाणी इतकं कमी करायचं की सूक्ष्मजीवांना वाढायला ते पुरू नये, हा वाळवण्याचा उद्देश. सूक्ष्मजीवांना किती पाणी उपलब्ध आहे, हे 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' या मापाने ठरवतात. शुद्ध पाण्यासाठी हे माप १ असतं. ते ०.६च्या खाली गेलं की कोणतीही बुरशी किंवा जिवाणू वाढू शकत नाही.

'लिंबू आंबट असतं, ते खराब होत नाही' हा समज अर्धाच खरा आहे. आंबटपणामुळे बरेचसे घातक जिवाणू वाढत नाहीत, म्हणूनच फळं उन्हात वाळवणं भाज्या किंवा मांस वाळवण्यापेक्षा सुरक्षित मानलं जातं. पण बुरशीला आंबटपणाचं फारसं वावडं नसतं. तिला रोखायचं तर पाणीच काढावं लागतं.

कोणतं फळ घ्यावं?

चकत्यांसाठी मोसंबी आणि कागदी लिंबू सर्वांत सोपे, कारण त्यांची साल गराला घट्ट चिकटलेली असते. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे कापताना गर सुटून येतो. त्यामुळे हाताला घट्ट लागणारी संत्री निवडावीत आणि धारदार सुरीने आडवी कापावीत.

साल खाण्यात किंवा चहात जाणार असल्याने फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावं. आयात केलेल्या चकचकीत फळांवर मेणाचा थर असू शकतो. ती कोमट पाण्यात घासून घ्यावीत. धुण्याने सालीवरचे कीटकनाशकांचे अंश कमी होतात, पण सालीत मुरलेले जात नाहीत. म्हणून बागेची माहिती असलेलं फळ मिळालं तर उत्तम.

चकतीची जाडी साधारण ५ मिलिमीटर ठेवावी. लिंबाची थोडी पातळ चालते. जाडीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे सगळ्या चकत्या सारख्या असाव्यात. एकाच ताटात जाड-पातळ चकत्या असल्या की पातळ करपतात आणि जाड ओल्या राहतात. बिया काढून टाकाव्यात आणि कापडाने वरचा रस टिपून घ्यावा.

ऊन, ओव्हन की डिहायड्रेटर?

*ऊन :* तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल तरच ऊन भरवशाचं. मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्यात अशी कोरडी हवा सहज मिळते. मृग बहाराची संत्री साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात, हाही योग जुळून येतो. मुंबई-कोकणात मात्र ऊन कडक असलं तरी हवा दमट असते. तिथे पापड-कुरडया वाळतात, कारण त्या पातळ असतात. रसाळ फळाची चकती वाळायला वेळ घेते आणि तेवढ्यात बुरशी पोहोचते.

चकत्या बांबूच्या सुपात, स्टीलच्या जाळीवर किंवा खाटेवर स्वच्छ सुती कापड घालून पसराव्यात, म्हणजे खालूनही हवा लागते. वरून मलमल झाकावी. ॲल्युमिनियम, तांबं आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी टाळावी, कारण आम्लाची या धातूंशी रासायनिक क्रिया होते. संध्याकाळी ताट घरात घ्यावं, नाहीतर दिवसभर गेलेला ओलावा रात्री परत येतो. कोरड्या हवेत या कामाला दोन ते चार दिवस लागतात.

एक खबरदारी त्वचेची. लिंबाचा रस हाताला लागलेला असताना उन्हात गेल्यास त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येऊ शकतात. लिंबाच्या रसातल्या आणि सालीतल्या काही घटकांवर सूर्यप्रकाश पडला की हे घडतं. ताट उन्हात नेण्याआधी हात साबणाने धुवावेत.

*ओव्हन :* ९० ते १०० अंशांवर तीन ते पाच तास, मध्ये एकदा चकत्या उलटून. वाफ बाहेर जावी म्हणून दार किंचित उघडं ठेवावं. तापमान वाढवून वेळ वाचवायचा प्रयत्न बहुतेक वेळा अंगाशी येतो. बाहेरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी अडकून बसतं. १५०० वॉटचा ओव्हन चार तास सलग चालला तर जास्तीत जास्त ६ युनिट वीज लागते. तापमान नियंत्रक मधे मधे बंद-चालू होत असल्याने प्रत्यक्षात खर्च त्याहून कमी येतो. मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. त्यात चकती एका जागी करपते आणि दुसऱ्या जागी ओली राहते.

*डिहायड्रेटर :* ५५ ते ६० अंशांवर सहा ते बारा तास. वेळ जास्त लागतो, पण पंख्यामुळे हवा खेळती राहते आणि रंगही चांगला टिकतो. दमट भागात हाच पर्याय सर्वांत खात्रीचा.

वाळलं की नाही, कसं ओळखावं?

गरम असताना चकती मऊ लागते, त्यामुळे आधी ती पूर्ण गार होऊ द्यावी. मग मधोमध दुमडून फाडावी. फाटलेल्या कडेवर ओलसरपणा किंवा दाबल्यावर रसाचा थेंब दिसला तर ती अजून वाळायची आहे. लिंबाची चकती कडकन मोडते, संत्र्याची थोडी चिवट राहू शकते.

घरात वजनकाटा असेल तर आणखी सोपं. १ किलो ताज्या चकत्यांचं वजन वाळल्यावर साधारण दीडशे ग्रॅमपर्यंत उतरतं. दोन तासांच्या अंतराने केलेल्या वजनांत फरक पडेनासा झाला की काम झालं. वजन ४०० ग्रॅमवर असतानाच बरणी भरली, तर बुरशी ठरलेली.

बरणीतला पहिला आठवडा

काही चकत्या जास्त वाळतात, काही कमी. म्हणून काचेची कोरडी बरणी दोन तृतीयांश भरून झाकण लावावं आणि आठवडा-दहा दिवस रोज हलवावी. सगळ्या चकत्यांमधला ओलावा सारखा होतो. या काळात काचेच्या आतून बाष्प दिसलं तर चकत्या पुन्हा वाळवाव्यात. उन्हात वाळवलेल्या चकत्या त्याआधी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेवल्या तर किड्यांची अंडी मरतात.

एका जरी चकतीवर बुरशी दिसली तरी अख्खी बरणी टाकून द्यावी. बुरशीची काही विषं उकळल्यानेही नष्ट होत नाहीत. नुसता रंग गडद तपकिरी होणं म्हणजे मात्र बुरशी नव्हे. साखर आणि आम्ल उष्णतेत बदलल्याने तो रंग येतो.

चकत्या कडू का होतात?

मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभराने कडवट लागतो, हा अनुभव सगळ्यांना असतो. फळ कापल्यावर त्यातल्या एका घटकापासून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. हीच क्रिया चकतीतही होते. सालीखालचा पांढरा थर आणि बिया यांचाही त्यात वाटा असतो. चकत्या मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून काढल्या तर कडवटपणा थोडा कमी होतो, पण मग पाणी नीट निथळून पुसावं लागतं.

आरोग्याचे दावे किती खरे?

सुक्या लिंबाचं पाणी शरीरातली 'घाण' काढतं, असा दावा समाजमाध्यमांवर सतत दिसतो. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करत असतात, त्यासाठी चकतीची गरज नसते. क जीवनसत्त्व उष्णता, प्रकाश आणि हवेमुळे कमी होतं, त्यामुळे ताज्या लिंबाची बरोबरी सुकं लिंबू करू शकत नाही. सुक्या चकतीत राहतो तो मुख्यतः स्वाद आणि आंबटपणा.

ग्रेपफ्रूट आणि पपनस काही औषधांचा परिणाम बदलू शकतात. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर या फळांच्या चकत्या खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तोरणात किंवा मेणबत्तीभोवती वापरलेल्या चकत्यांवर धूळ बसलेली असते, त्या नंतर चहात टाकू नयेत.

किती दिवस टिकतात?

नीट वाळवलेलं फळ १५ अंशांच्या आसपास वर्षभर टिकतं, २७ अंशांना साधारण सहा महिने. आपल्याकडचं उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर याहून गरम असतं, त्यामुळे फ्रिज बरा. पावसाळ्यात बरणी उघडली की दमट हवा आत शिरते आणि कोरडी चकती ती लगेच शोषून घेते. एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या भरल्या तर रोज उघडली जाते ती एकच, बाकीच्या तीन कोरड्या राहतात.